शेरा : दाब नाही

कारकुनाने पत्र तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, तेव्हा थोरलीने मनाशी हिशेब केला की एवढ्या वेळात चार उशांचे अभ्रे शिवून झाले असते आणि पाचवा बेतून ठेवता आला असता.

“आम्ही खाली सह्या करणारे,” कारकून घसा साफ करून म्हणाला, “सदर इसमाचे निकटचे आप्त, या पत्रान्वये हमी देतो की सदर इसमाचे वर्तन आजतागायत निष्कलंक, सचोटीचे व समाजोपयोगी राहिलेले असून—”

“समाजोपयोगी काढा,” त्याची बायको, म्हणजे थोरलीची नणंद, म्हणाली. “शाळेत गाढवावरच्या निबंधात लिहायचो आम्ही ते.”

“मग तिथे काय घालू?”

“काहीच घालू नका. निष्कलंक पुरे आहे.”

सदर इसम खिडकीपाशी स्टुलावर बसून अंगठ्याचं नख कुरतडत होता. थोरलीचा हा धाकटा दीर. वस्तीच्या पाण्याची चावी त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला चावीवालाच म्हणत, घरातसुद्धा. चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे, त्यात ती उतरवून फिरवली की टेकडीवरच्या टाकीतलं पाणी त्या गल्लीला सुटतं. आत्ता ती दाराच्या कोपऱ्यात उभी होती आणि एवढी मोठी असूनही तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

बैठक थोरलीच्या शिलाईच्या दुकानात भरली होती, कारण सगळे मावतील अशी खोली घरात तेवढीच. बेतायच्या टेबलावर चहाचे कप आणि कपांखाली शाळेच्या गणवेशाचं कापड, जे सोमवारी शिवून द्यायचं होतं. नणंदेने आपला कप दोनदा त्या कापडावर टेकवला, थोरलीने दोनदा उचलून बाजूला ठेवला. तिसऱ्यांदा टेकवला तेव्हा डाग पडलाच. या घराला भांडायला जागा माझी लागते, थोरलीच्या मनात आलं, आणि डाग धुवायलाही मीच लागते.

चार वाजता पाणी समितीचा सचिव येणार होता. आता अडीच झाले होते. तोवर पत्रावर सह्या व्हायला हव्या होत्या, आणि पहिली सही हवी होती थोरलीची. कारण चावीचा परवाना आधी सासऱ्यांच्या नावावर होता, मग थोरल्या मुलाच्या. तो वारल्यावर ‘तात्पुरता’ म्हणून त्याच्या बायकोच्या नावावर आला. त्या तात्पुरत्याला आता नऊ वर्षं होत आली होती. चावी फिरवायची दिराने, कागदावर नाव मात्र हिचं. आणि समितीचा नियम असा, की चावीवाल्याविरुद्ध तक्रार आली तर परवानेदाराने लेखी हमी द्यायची. हमी दिली की तक्रार फायलीत जाऊन झोपते. नाही दिली तर चावी काढून घेतात आणि तक्रार पोलिसांकडे जाते.

“नऊ वर्षांत मला कोणी पाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही,” थोरली म्हणाली. “आज एकदम पहिली सही माझी?”

“मान असतो तो, वहिनी,” कारकून म्हणाला.

“मान नव्हे. मान अडकवायची जागा.”

नणंद खुदकन हसली आणि लगेच गंभीर झाली. सकाळी हीच नणंद दारातून आत आल्या आल्या भावावर तुटून पडली होती. “तुझी लक्षणं मला तू चड्डीत होतास तेव्हापासून माहीत आहेत!” असं तिने गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं होतं. मग मधे कधीतरी कारकुनाने तिला मागच्या अंगणात नेलं. परत आली ती भावाच्या पक्षात. थोरलीला अंगणातलं बोलणं ऐकायची गरज पडली नाही. नणंदेच्या गच्चीवर एक काळी टाकी आहे आणि वस्ती कोरडी ठणठणीत असतानाही ती टाकी कधी रिकामी झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. कारकुनाने बायकोला तेवढीच आठवण करून दिली असणार.

धाकटी, म्हणजे चावीवाल्याची बायको, उंबऱ्याजवळ खाली बसली होती. सकाळी तिने “माझा नवरा तसा नाही” हे वाक्य हजेरी द्यावी तसं एकदा म्हटलं, आणि त्यानंतर तोंड उघडलं नव्हतं. नुसती बसून राहिलेली बघवेना म्हणून थोरलीने तिच्या हातात एक चुकलेली कॉलर उसवायला दिली होती. कॉलर उसवून झाली होती. आता ती बाही उसवत होती, जी मुळीच चुकलेली नव्हती.

“तक्रार कुठे आहे?” थोरलीने विचारलं.

“फायलीत.”

“काढा की.”

कारकुनाने समितीकडून आणलेली फाईल छातीशी धरली. “ते वाचण्यासारखं नाही हो. बायकांसमोर तर नाहीच नाही.”

“बाईनेच लिहिलंय ना? मग बायकांसमोर कसली लाज? तुमचं पत्र तीनदा ऐकलं आम्ही. तिचं एकदा बघू द्या.”

एकच पान होतं. अक्षर थोरलीच्या ओळखीचं. ही बाई दोन वर्षांपूर्वीपर्यंत या दुकानात काजं आणि बटणं करायची, आणि झालेल्या गठ्ठ्यावर चिठ्ठी लावायची, ‘काजं झाली’. याच नेटक्या, जरा उजवीकडे कललेल्या अक्षरात. मग एक दिवस चाळीस सदऱ्यांची काजं तशीच टाकून निघून गेली ती परत फिरकली नाही. ऐन शाळा उघडायच्या दिवसांत! थोरलीने ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली होती; काहींना दोनदा.

‘मी वरच्या गल्लीत राहते,’ काजवालीने लिहिलं होतं. ‘पाणी हवं असेल तर दुपारी घरात कोणी नसताना दार उघडं ठेव, असं मला चावीवाल्याने सांगितलं. घरात दोन मुलं आणि आजारी आई आहे. मी पाच महिने दार उघडं ठेवलं. मग मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझ्या घराला पाणी नाही. मी एकटी नाही, पण बाकीच्यांची नावं मी लिहिणार नाही.’

वाचून थोरलीने पहिली गोष्ट केली ती ही, की कागदात आपलं नाव शोधलं. वरून खाली, खालून वर. नव्हतं. तिने श्वास सोडला, आणि तो सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला.

“बघितलंत?” चावीवाला स्टुलावरून म्हणाला. “शिकलेली आहे हो. शिकलेल्या बायका असंच करतात. पाणी आलं नाही, की घे पेन.”

“पाणी आलं नाही हे तर खरं ना?” थोरलीने विचारलं.

“नाहीच आलं! मी कुठे आलं म्हणतोय? पण का नाही आलं? कागदच हवाय ना तुम्हाला? हा घ्या कागद.” त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि तिच्यातून चार लांबट रजिस्टरं काढून टेबलावर आपटली. एक कप कलंडला.

ही रजिस्टरं म्हणजे या घराचा अभिमान. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी चाळीस वर्षं चावी फिरवली आणि दोन्ही मुलांना एकच धडा दिला : पाणी सोडलं की लिही, न लिहिलेलं पाणी चोरीचं. तारीख, गल्ली, चावी उघडल्याची वेळ, मग एकेका घराचा नंबर आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. चावीवाला बाकी कसाही असो, लिहिण्यात त्याने कधी खाडा केला नव्हता. ताप असला तरी लिहायचा. या घरात देवाची शपथ खोटी निघेल, पण लिहिलेलं खोटं निघणार नाही, असं नणंद सासरी जाऊन सांगायची.

“बघा तिच्या घरापुढे काय आहे,” चावीवाल्याने पान उघडलं. “शेरा, दाब नाही. पुढच्या खेपेला, दाब नाही. दाब नाही. दाब नाही. पाणी चढलंच नाही तिथवर, तर मी काय घागरीने नेऊन घालू?”

“लेखी पुरावा!” कारकून उभाच राहिला. “अहो, हे आधी नाही का सांगायचं? पत्राला जोडूनच टाकू. सोबत, रजिस्टरं नग चार.”

“मी म्हटलं नव्हतं?” नणंद म्हणाली. “आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं.”

थोरलीने चष्मा लावला. शिवण तपासताना ती जशी बोट टेकवून सावकाश पुढे जाते, तशी रकान्यावरून खाली गेली. काजवालीचं घर, दाब नाही. त्याखाली इस्त्रीवाला, पूर्ण. त्याखाली दोन घरं, पूर्ण. सगळ्यात शेवटी गल्लीच्या टोकाचा पेन्शनर, पूर्ण. पान उलटलं. दाब नाही, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, पूर्ण. पुन्हा उलटलं.

“नाना,” तिने हाक मारली.

नाना शिलाई मशीनच्या पलीकडे आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. घरातल्या भांडणाला त्यांना ऐकू येत नसे. पाण्याबद्दल काही निघालं की कान तरुण होत.

“वरच्या गल्लीत काजवालीचं घर कुठे येतं?”

“चढाच्या पायथ्याला.” नानांनी एक डोळा उघडला. “पहिलंच.”

“आणि पेन्शनरचं?”

“शेंड्यावर. एकच नळ आहे, खालून वर. मीच टाकलाय तो. का?”

“शेंड्याला पूर्ण पाणी आणि पायथ्याला दाब नाही, असं होतं कधी?”

“कुणाला विचारतेस, सूनबाई?” नानांनी दुसराही डोळा उघडला. चाळीस वर्षांत त्यांना इतका अडाणी प्रश्न कोणी विचारला नव्हता. “पाणी म्हणजे काय बकरी आहे, खालचं घर सोडून वर उडी मारायला? पायथ्याला नाही याचा अर्थ पायथ्याच्या घराचा कॉक कोणीतरी बंद केलाय.”

“कोणी केला असेल?”

“कॉकची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने. दुसरं कोण—”

आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. कलंडलेल्या कपातला चहा टेबलाच्या कडेवरून टपकत राहिला.

“कॉकमध्ये माती बसत असेल,” नाना सावकाश म्हणाले.

“एका घराच्या? दीड वर्षाहून जास्त?”

मुलासाठी खोटं बोलायची त्यांची तयारी होती, ते तोंडावर दिसत होतं. पाण्याबद्दल खोटं बोलायचं त्यांना जमेना.

“अहो, दीडशे कॉक आहेत!” चावीवाला म्हणाला. “एखादा राहतो चुकून. माणूस आहे की यंत्र?”

“राहू दे चुकून,” थोरली म्हणाली. ती मागे मागे पानं उलटत होती. “हे काय आहे? शेरा, जादा. दुपारी अडीच. वरच्या गल्लीची वेळ तर संध्याकाळची आहे.”

“असंच. कोणाकडे अडचण असते, आजारी माणूस असतं. माणुसकी म्हणून.”

“माणुसकी दुपारीच येते का तुम्हाला, भाऊजी?”

तिला उत्तर नको होतं. तिचं बोट काजवालीच्या नंबरावर होतं आणि डोळे तारखांवर. आधी तीन आठवडे दाब नाही. मग शाळा उघडायचा आठवडा, आणि पहिलं जादा.

तो आठवडा तिला आठवत होता. दुकानात कापडाचा ढीग पडला होता, तिच्या तोंडात टाचण्या होत्या, आणि काजवाली हातातला सदरा खाली ठेवून म्हणाली होती, “मालकीणबाई, तीन आठवडे झाले, आमच्याकडे पाणी नाही. तुमच्या दिरांना सांगाल का?” थोरलीने टाचण्या न काढताच उत्तर दिलं होतं. टाचण्या तोंडात ठेवून बोलायची तिला सवय होती आणि बाईला ते समजायचीही. “अगं, तूच जरा गोड बोलून बघ की त्याच्याशी. विरघळेल.” काजवालीने काही क्षण तिच्याकडे पाहिलं होतं. मग सदरा उचलून घेतला होता.

पाच महिने जादा. त्यातल्या पहिल्याच आठवड्यात तिने टाकून दिलेले चाळीस सदरे. मग एका तारखेला पुन्हा दाब नाही, आणि तिथून आजपर्यंत तेच. कागदातल्या पाच महिन्यांना रजिस्टरातले पाच महिने काठाला काठ जुळावा तसे जुळत होते.

“तिला मी पाठवलं,” थोरली म्हणाली.

“कुठे?” नणंदेने विचारलं.

“भाऊजींकडे. गोड बोल म्हटलं होतं मी तिला. आणि वर दोन वर्षं गावभर सांगत फिरले, बाईने काजं टाकली म्हणून.”

“तुम्ही सहज म्हटलं असेल, वहिनी. त्यात तुमचं काय—”

“सहजच म्हटलं, वन्सं. तेच तर.”

नणंदेला हा विषय अवघड वाटला, म्हणून तिने सोपा धरला. ती टेबलावर ओणवी झाली. “बघू बघू, अजून कोणाकोणाचं जादा आहे?”

थोरलीने रजिस्टर तिच्या बोटांवर मिटलं.

“आई गं! वहिनी!”

“ही नावं तुमच्या चहाबरोबर खायची नाहीत.”

“मी आपली काळजीने—”

“कळली काळजी.”

“तुम्ही सगळे माझ्याकडे असे बघू नका,” चावीवाला उठून उभा राहिला. “मी कोणाचा हात धरला नाही. कोणाच्या घरात घुसलो नाही. दार त्यांनी उघडलं.”

“घरात पोरं तहानलेली असली की दार उघडतंच, भाऊजी. भिंत असती तर तीही उघडली असती.”

“मला माहीत आहे,” धाकटी म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली, की आधी कोणाला कळलं नाही कोण बोललं. तिच्या मांडीवर बाहीचे दोन तुकडे होते.

“दुपारचं जादा म्हणजे काय, ते मला पहिल्यापासून माहीत आहे. हा घरी यायचा. आधी बसून रजिस्टर लिहायचा, मग हात धुवायचा. मी ताट वाढायचे.”

“तू गप्प बस!”

“सकाळी बोल म्हणालास, बोलले. आता गप्प बस म्हणतोस.” तिने बाहीचे धागे एकेक करून झटकले. “एकदा काय ते ठरव बाबा. मला वैताग आलाय.”

कारकुनाने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “असं करू या का? निष्कलंकही काढू. नुसतं ‘वर्तन ठीक’ ठेवू.”

यावर कोणी काही बोलायच्या आत दार वाजलं. सचिव दहा मिनिटं आधीच आला होता. पूर्वी तो बसचा कंडक्टर होता, आणि निवृत्त झाला तरी त्याच्या अंगातली घाई निवृत्त झाली नव्हती. आत येतानाच त्याने खिशातून शिक्का काढला.

“झाली सही? झाली असेल तर द्या, फाईल करतो. चला, पुढे चला.”

“नाही झाली,” थोरली म्हणाली.

सचिवाने खोलीभर नजर फिरवली, कारकुनाचा चेहरा पाहिला आणि शिक्का परत खिशात घातला. “हरकत नाही, हरकत नाही. घरची गोष्ट आहे. आपण त्यांना समज देऊ. तोंडी. पण कडक.”

“किती कडक?”

“चांगली कडक.”

“चहा आहे का तो?”

“अहो बाई, मग काय करायचं म्हणता? एक माणूस, एक चूक—”

“ही चूक नव्हे हो, गुन्हा आहे. आणि एकदाचा नव्हे, चार रजिस्टरं भरून आहे.” तिने कारकुनाच्या हातून पत्र घेतलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. लिहिताना मोठ्याने वाचलंही, म्हणजे नंतर कोणी ऐकलं नाही म्हणायला नको. “मी हमी देत नाही. रजिस्टरं चार, तक्रारीसोबत पोलिसांकडे द्यावीत. परवानेदार.” खाली सही. पहिलीच, आणि एकटीच.

“तुम्ही आपल्या घराला काळं फासताय!” नणंद उसळली. “जगात तोंड कसं दाखवायचं आम्ही?”

“तोंड धुवायला तरी पाणी आहे तुमच्याकडे, वन्सं. गच्चीवर.”

“टाकीचा इथे काय संबंध?”

“टाकीचाच संबंध आहे. तिचा पाइप उद्यापासून सगळ्यांबरोबर.”

नणंदेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. दोघांनी मिळून पाहावं असं छतावर काही नव्हतं.

सचिवाने रजिस्टरांकडे हात नेला आणि जाता जाता अंगठ्याने एक पान वर केलं. “बघू तरी, कोण कोण—”

“थांबा.” थोरलीने रजिस्टरं ओढून घेतली. गणवेशाच्या कापडाचा चहाचा डाग पडलेला तुकडा कापला, चारही रजिस्टरं त्यात बांधली आणि गठ्ठा मशीनवर नेला. चारी कडांनी शिवण घातली. दुहेरी, बारीक टाक्याची. सचिव, कारकून, नणंद आणि सदर इसम, सगळे ते मशीन चालताना बघत उभे राहिले. एवढ्या शांततेने या घराने तिचं काम कधी पाहिलं नव्हतं.

“हा टाका माझा आहे,” ती गठ्ठा सचिवाच्या हातात देत म्हणाली. “वाटेत उसवला तर मला कळेल. पोलिसांनीच उघडायचा. आणि त्या बायकांना विचारल्याशिवाय एकीचंही नाव समितीत वाचायचं नाही. आता पोच द्या.”

“पोच?”

“आयुष्यभर लोकांना तिकीट फाडून दिलंत. मला एक पोच देता येत नाही?”

सचिवाने पोच लिहून दिली. आणि मग, हरलेल्या माणसाला नियम आठवतो तसा त्याला नियम आठवला. “पण एक आहे. चावी आता समितीत जमा. नवा माणूस नेमेपर्यंत पाणी बंद. बैठक लागेल, ठराव लागेल. महिनाभर तरी धरा.”

“घ्या!” नणंद म्हणाली. “बसा आता सगळे कोरडे. त्या काजवालीसकट.”

थोरलीने डोळे मिटून घेतले. तिला एकाएकी फार थकायला झालं. वाईट माणूस एक असतो, आणि त्याला तसंच राहू देणारे दहा शहाणे. त्या दहांना पुरे पडता पडता जीव जातो.

“परवाना कोणाच्या नावावर आहे?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“तुमच्या.”

“परवानेदाराने स्वतः चावी फिरवली तर नियमाला चालतं?”

सचिवाला हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. “चालतं... म्हणजे, नाही असं लिहिलेलं नाही. पण बाई, जड असते ती.”

“नऊ वर्षं माझ्या नावावर होती, तेव्हा कोणी जड म्हणालं नाही.” तिने दिरापुढे हात पसरला. “कॉकच्या किल्ल्या.”

चावीवाल्याने वडिलांकडे पाहिलं. नाना त्याच्याकडे बघत नव्हते. त्याने कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर टाकला. तिच्या हातात दिला नाही. तेही सोडून दिलं तिने. वेळ नव्हता. वरच्या गल्लीची वेळ साडेचारची होती.

“सूनबाई,” नाना खुर्चीतून म्हणाले. “अठरा फेरे असतात. एक कमी नाही. कमी फिरवलंस तर शेंड्यापर्यंत पाणी चढत नाही.”

धाकटीने उठून चावीचं दुसरं टोक धरलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. काखेत तिने एक कोरी वही मारली होती. दुकानातली, मापं लिहायची.

दोघी जावा रस्त्याने लोखंड घेऊन निघाल्या. बिगाऱ्यांसारख्या, थोरलीच्या मनात आलं. वरच्या गल्लीत बादल्या आणि घागरी आधीच रांगेला होत्या. काजवाली आपल्या दारात उभी होती. पूर्वीपेक्षा बारीक, केस करकचून बांधलेले. थोरलीने जुडग्यातून पहिल्या घराची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

“तुझा कॉक आता तुझ्या हातात. बाकीच्याही आजच वाटणार आहे.”

काजवालीने किल्ली घेतली.

“मी तेव्हा तुला जे म्हटलं—” थोरलीने सुरुवात केली.

“आधी पाणी सोडा, मालकीणबाई.”

थोरलीने खड्ड्यात चावी उतरवली. पहिले चार फेरे सहज गेले. सातव्याला खांदे भरून आले. दहाव्यानंतर ती मोजायचं विसरली. गल्ली बघत होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि दांडा दर फेऱ्याला जास्त हट्टी होत होता. एका ठिकाणी तो अडला. झालं असेल, तिला वाटलं. तिने हात सोडले आणि कंबर सरळ केली.

“सोळा झाले,” काजवाली दारातून म्हणाली. “दोन राहिले.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, माफी तर नव्हतीच. गठ्ठ्यातली काजं मोजताना असायचा तसा तो चेहरा होता. थोरलीने दांड्याला पुन्हा छाती लावली. सतरावा फेरा धाकटीने दुसऱ्या बाजूने ढकलला तेव्हा गेला. अठरावा संपला तोवर दारात कोणी नव्हतं, आणि आतल्या अंगणातून रिकाम्या बादलीच्या तळावर पाणी आपटल्याचा आवाज आला.

धाकटी खड्ड्याच्या कडेवर बसली होती. तिने वही उघडून रकाने आखले होते. तारीख, वेळ, घर. पेन शेवटच्या रकान्यावर थांबलं.

“ताई, पहिल्या घरापुढे शेरा काय लिहू?”

“मला काय विचारतेस?” थोरली धापा टाकत म्हणाली. “जा, तिला विचारून लिही.”